पूर्णा नावाच्या सगळ्या गोष्टींचे फोटो काढतोय, पण फोटोत नाव काही येत नाहीये

हतनूर_बॅकवॉटर

नमस्कार मंडळी, मी मुक्ताईनगरचा, म्हणजे आमच्या आजीच्या तोंडी शेवटपर्यंत एदलाबादच होतं ते. वर्षभरापासून एक खूळ डोक्यात शिरलंय, पूर्णा नावाचं जे जे काही सापडेल त्याचे फोटो काढायचे. सुरुवात घरच्याच पूर्णेपासून केली, चांगदेवला ती तापीला मिळते तिथून, देवळाच्या मागे उतरलं की संगम, पण आता हतनूर धरणाचं पाणी मागे चढलेलं असतं त्यामुळे नदी कुठे संपते आणि तळं कुठे सुरू होतं ते डोळ्यालाच कळत नाही, कॅमेऱ्याला काय कळणार. मग बऱ्हाणपूर रोडच्या पुलावरून काढले, मग एकदा रात्रीची गाडी पकडून थेट परभणी जिल्ह्यातल्या पूर्णेला गेलो, तिथली पूर्णा वेगळी, ती गोदावरीला मिळते. आणि दिवाळीनंतर गुजरातेत नवसारीला गेलो, तिथे तिसरी पूर्णा, ती कुणाला मिळत-बिळत नाही, सरळ समुद्रात जाते.

एवढं सगळं फिरून आलो, तिन्ही नद्यांचे मिळून चाळीस फोटो छापून आणले आणि पलंगावर मांडले. बायको आली, दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाली, "एवढे सगळे आपल्याच नदीचे काढले का?" झालं. म्हणजे तीन जिल्हे, दोन राज्यं, आणि हाती काय तर पाणी, काठ, दगड, वर आभाळ. तिला नाव सांगितल्यावर मग कुठे इंटरेस्ट आला.

तर प्रश्न दोन आहेत. एक म्हणजे नाव हीच जर सगळ्यांना जोडणारी गोष्ट असेल तर ती फोटोत आणायची कशी, खाली लिहूनच सांगायचं का? आणि दुसरा, नद्या सोडून पूर्णा नावाचं अजून काय काय आहे? कॅमेरा जुना निकॉन आहे, किट लेन्स आणि एक पन्नासची, आणि एनडी फिल्टर आहे (लेन्सवर लावायची उजेड कमी करणारी काळी काच), त्याने पाणी मस्त दुधासारखं येतं.

(आजीचं नाव पण पूर्णाबाईच होतं, पण ती गेली, आणि तिचा फोटो म्हणाल तर रेशनकार्डासाठी काढलेला एकच आहे, तो काही मी काढलेला नाही, त्यामुळे तो धरत नाही.)

तिसरा_फलाट

काय भो, नदी नदी करत फिरलास आणि स्टेशन सोडून आलास का? पूर्णा जंक्शन म्हणजे आमच्यासारख्यांचं तीर्थक्षेत्र आहे ना भो. मनमाड-सिकंदराबाद लाइनवर परभणीच्या पुढे आणि नांदेडच्या अलीकडे, आणि तिथून एक फाटा निघतो हिंगोली-वाशिम करत अकोल्याला जाणारा. आधी ही मीटर गेज होती, जयपूरहून येणारी मीनाक्षी एक्स्प्रेस याच रुळांवरून खाली उतरायची, आता ब्रॉडगेज झालीय.

आता गंमत बघ. या फाट्याचं एक टोक पूर्णा गावात, म्हणजे गोदावरीवाल्या पूर्णेच्या काठी. दुसरं टोक अकोल्यात, आणि अकोल्याहून तीच जुनी लाइन वर अकोटकडे जाते ती गांधीग्रामजवळ तुझी तापीवाली पूर्णा ओलांडते. एकाच लोखंडावर दोन पूर्णा. हा फोटो नकाशात दिसतो पण रुळावर उभं राहिलं की दिसत नाही, तर तो कसा काढायचा ते तू ठरव, मला फक्त रूळ कळतात.

आणि अजून एक. पूर्णा एक्स्प्रेस नावाची गाडी आहे, पुण्याहून एर्नाकुलमला जाते, कोकणातून. ती पूर्णा स्टेशनचं तोंड पण बघत नाही. तिचं नाव केरळातल्या नदीवरून, पेरियारला तिकडे कालडीच्या बाजूला पूर्णाच म्हणतात, शंकराचार्यांचं गाव ते. आमच्या साडूने एकदा नाव बघून त्याच गाडीचं तिकीट काढलं होतं, जायचं होतं नांदेडला. नशीब पुण्यातच कुणीतरी सांगितलं नाहीतर गडी सकाळी रत्नागिरीत उठला असता.

सरळ_माणूस

मला एक कळत नाही, मॅपवर पूर्णा टाइप केलं की सगळं समोर येतं, त्यासाठी पेट्रोल जाळायची काय गरज. नावात काय आहे, उद्या तुम्ही पिंपळगाव घ्याल, मग संपलंच, जन्म पुरायचा नाही.

खारपाणी_अकोला

सरळ माणूस भाऊ, मॅपमंदी म्हैस दिसते का तुले?

हतनूरवाले दादा, मी सांगतो. आमच्याकडे पूर्णाथडी नावाची म्हशीची जात हाय. थडी म्हंजे नदीचा काठ, ते तुमच्याकडे पण म्हणत असतीन. अकोला, अमरावती, बुलढाणा, या पूर्णेच्या खोऱ्यातली म्हैस, काळीकुट्ट नसते, भुऱ्या रंगाची असते, काही तर पार पांढुरक्या, उन्हात उभी असली की लांबून गाय वाटते. आम्ही भुरीच म्हणतो. सरकारी यादीत जात म्हणून नाव लागलं ते आत्ता आत्ता, पण गवळ्याले काय यादीशी घेणं. नदीचं नाव जनावराच्या अंगावर, असं कुठी भेटते सांगा बरं. फोटो काढाचा तं सकाळी सातच्या आत या, नंतर ते चिखलात बसते मंग भुरी काय न काळी काय, सारख्याच.

दुसरं, आमचं खारपाणी. पूर्णेच्या दोन्ही अंगाले जमिनीखाली खारं पाणी हाय, विहीर खंदली तं पाणी लागते पण पिता येत नाही न पिकाले देता येत नाही. वावरात पाणी सुकलं का ढेकळावर पांढरी पापडी धरते, बोटानं खरडून जिभेवर ठेवली तं कळते. तुमच्याकडे चांगदेवले याच नदीच्या काठी केळीचे बाग उभे हायत न आमच्याकडे तिच्याच काठी माणूस आभाळाकडे पाह्यते. नदी तेच हाय हो. मले विचाराल तं पाण्याचा फोटोच काढू नका, पापडीचा काढा.

माई_धुळे

भाऊ, मी साठीपुढची बाई, मला कॅमेऱ्यातलं काही कळत नाही, नातवाने हा धागा वाचून दाखवला म्हणून लिहिते (टाइप तोच करतोय). तुम्ही नद्या शोधताय, पंचांग उघडलंत का? तिथींना पण नावं असतात. नंदा, भद्रा, जया, रिक्ता, पूर्णा, अशी पाचाची पाळी फिरत राहते. पंचमी, दशमी आणि पुनव किंवा अवस, या पूर्णा तिथी. आमचे सासरे जमिनीचं काही काम काढायचं झालं की रिक्ता टाळून पूर्णा धरायचे. तर तुम्ही पूर्णेचे फोटो पूर्णा तिथीलाच काढा की, म्हणजे फोटोत नाव दिसलं नाही तरी काढणाऱ्याला माहीत असेल.

आणि तुमच्या बायकोचं मला पटलं हो. तिला दाखवल्याशिवाय पुढचं काही छापू नका.

नातू विचारतोय की पुरणपोळी चालेल का, पूर्णा नाही पण पुरण तर आहे. त्याला म्हटलं तुला मांडे खायचेत ते सरळ सांग.

किट_लेन्स_जिंदाबाद

माईंनी आणि खारपाणी दादांनी खरं तर उत्तर देऊनच टाकलंय, मी फक्त फोटोच्या बाजूने बोलतो, थोडं लांबेल.

पहिली गोष्ट, तो एनडी फिल्टर बॅगेत ठेव आणि बॅग घरी ठेव. तू लाँग एक्स्पोजर मारून, म्हणजे शटर बराच वेळ उघडं ठेवून, तिन्ही नद्यांचं दूध करून टाकलंस आणि मग म्हणतोस सारख्या दिसतात. सारख्या दिसणारच. एका नदीत बॅकवॉटर आहे म्हणजे पाणी थांबलेलं, नवसारीत भरती-ओहोटी आहे म्हणजे काठावर चिखलाच्या रेघा, आणि परभणीकडची पूर्णा तू कुठल्या महिन्यात गेलास त्यावर. हे सगळं शटर वेगात ठेवलं तरच दिसतं. पाण्यावरची सुरकुती म्हणजे नदीचा चेहरा आहे, तो तू पुसून टाकतोयस.

दुसरी, पाट्या. मला माहितीये तुला आता सुचणार आहे की पुलावरची पाटी, स्टेशनची पिवळी पाटी, धरणाचा बोर्ड, असं काढू म्हणजे नाव येईल. एक-दोन ठीक आहे, पण सगळीकडे पाटी आली की ते फोटो पाट्यांचे होतात, पूर्णेचे नाही. मी हे केलंय म्हणून सांगतो. मी एका वर्षी नेर जमवत होतो, अमळनेर, जामनेर, पिंपळनेर, थाळनेर आणि धुळ्याजवळचं नुसतं नेर. त्यात अमळनेर दोन निघाली, एक आपलं बोरीकाठचं आणि एक बीड जिल्ह्यात, आणि पिंपळनेर तर साक्री तालुक्यात, पारनेर तालुक्यात निळोबारायांचं, माढ्याकडे, जिथे जावं तिथे पिंपळनेर. सगळीकडे एसटी स्टँडवरच्या पाटीचा फोटो. आता ते फोल्डर उघडलं की एसटीचं टाइमटेबल बघतोय असं वाटतं.

तिसरी, काहीतरी एक सगळीकडे सारखं ठेव. लेन्स एकच ठेव, पन्नासचीच, उंची एकच, क्षितिज फ्रेमच्या एकाच रेषेवर. मग बाकी जे बदलतं ते उठून दिसतं. सगळंच बदललं की बघणाऱ्याला धरायला काही राहत नाही. किंवा एखादी वस्तू घे जी प्रत्येक फोटोत असेल, छत्री, खुर्ची, काहीही. पण ती वस्तू तुझ्या विषयातली हवी, उगाच लाल छत्री नको, तशा हजार झाल्यात.

आणि बुलढाणा जिल्हा सोडू नकोस, तो खरा मटेरियल आहे. वर मलकापूर-नांदुऱ्याकडे तुझी पूर्णा, तिचं पाणी तापीतून अरबी समुद्रात. आणि त्याच जिल्ह्यात खाली देऊळगाव राजाकडे खडकपूर्णा धरण, ते दुसऱ्या पूर्णेवर, अजिंठ्याच्या डोंगरातून निघालेल्या, तिचं पाणी गोदावरीतून बंगालच्या उपसागरात. एकच कलेक्टर, दोन पूर्णा, दोन समुद्र. सकाळी एक आणि संध्याकाळी एक, एका दिवसात होतं. फक्त धरणाच्या भिंतीवर कॅमेरा काढायच्या आधी मनाईचा बोर्ड आहे का बघ.

हतनूर_बॅकवॉटर

बोर्डाचं सांगायला उशीर केलात भाऊ. एका धरणावर (कुठलं ते जाऊ द्या) चौकीदाराने पूर्ण बॅग रिकामी करायला लावली, डब्यातली शेव-भाजी पण उघडून बघितली. बोर्ड होता, मला दिसला नव्हता, चूक माझीच.

बाकी एनडीचं वाचून आधी राग आला, मग ते छापलेले फोटो परत बाहेर काढून बघितले. बरोबर आहे. नवसारीला मी ओहोटीच्या वेळी गेलो होतो, काठावर चिखलात खेकड्यांची बारीक बारीक भोकं होती, उघड्या डोळ्यांनी मी ती बघत बसलो होतो अर्धा तास, आणि फोटो काढताना फिल्टर लावून फक्त लांबचं पाणी काढलं. जमशेटजी टाटांचं जन्मगाव म्हणून वाड्यांचे मात्र वीस फोटो आहेत, ज्यांचा पूर्णेशी काही संबंध नाही.

म्हशीचं फिक्स. पापडीचं पण. तिथीचं मी कॅलेंडरमध्ये टाकून ठेवलं, येती दशमी गुरुवारी आहे.

फक्त ती सगळीकडे सारखी असणारी वस्तू काय घ्यायची ते सुचत नाहीये.

माई_धुळे

अहो भाऊ, आजीचं नाव पूर्णाबाई म्हणालात ना? मग घरात भांडी असतीलच की तिच्या नावाची. आमच्या वेळी भांडं घेतलं की दुकानातच नाव घालून मिळायचं. रुखवतातलं असो की दिवाळीला घेतलेलं, नावाशिवाय भांडं घरात येत नसे, नाहीतर लग्नाकार्यात गेलेलं परत कसं ओळखणार. माळ्यावर बघा. चांगलं सोनगीरचं पितळ असेल तर अजून ठणठणीत असेल.

हतनूर_बॅकवॉटर

माई, काय सांगू तुम्हाला.

काल रात्री माळ्यावर चढलो. गव्हाच्या कोठीमागे एका पोत्यात तीन वस्तू निघाल्या, एक परात, एक गंज आणि एक पितळी तांब्या. परातीवर आजोबांचं नाव. गंजाचं बूड गेलंय. आणि तांब्याच्या गळ्याखाली, ठिपक्या ठिपक्यांनी ठोकून लिहिलेलं, "सौ. पुर्णाबाई". पु ऱ्हस्व. कासाराने घाईत ठोकलं असणार, शेवटचा काना जागा संपल्यामुळे वर चढलाय आणि "ई" तर जवळजवळ काठाला टेकलीय. स्टेशनच्या पाटीवर दीर्घ, तांब्यावर ऱ्हस्व. बोट फिरवलं की ठिपके अजून लागतात हाताला. बायकोने हातात घेतला आणि म्हणाली, आता याच्यात पाणी कुठलं आहे ते मला ओळखायला लावू नकोस म्हणजे झालं. पण ती फोटो बघायला बसली, हे महत्त्वाचं.

आज सकाळी पहिला प्रयोग केला, चांगदेवला घाटाच्या पायरीवर तांब्या ठेवला, पाणी भरून, मागे संगम. नाव आलं, एकदम स्पष्ट आलं. पण तांब्याच्या पोटावर मी पण आलो. कॅमेरा, माझी टोपी, मागची मोटरसायकल, सगळं वाकडं होऊन बरोब्बर नावाच्या खाली. चिंच लावून घासून चकचकीत करून नेला होता ना. पोलरायझर लावून फिरवून बघितला, पाण्यावरची चमक गेली पण तांब्यावरची जशीच्या तशी. फिल्टर खराब आहे का?

किट_लेन्स_जिंदाबाद

फिल्टर ठीक आहे. पोलरायझर पाण्यावरची, काचेवरची चमक कापतो, धातूवरची कापत नाही, कारण उघड्या धातूवरून परत येणारा उजेड त्या तऱ्हेने एका दिशेत बांधला जात नाही. त्यामुळे कितीही फिरव. उपाय साधे आहेत. किट लेन्स पंचावन्नला लावून लांब जा, म्हणजे तू तांब्यात मुंगीएवढा होशील (पन्नासच ठेव म्हणालो होतो, एवढी सूट घे). ढगाळ दिवस किंवा सूर्य उगवायच्या आधीची वेळ घे. ठिपके उठून दिसायला उजेड बाजूने घे, समोरून नको, बाजूने आला की प्रत्येक ठिपक्याला बारीक सावली पडते.

आणि सगळ्यात मोठा उपाय म्हणजे घासू नकोस. कोणी सांगितलं होतं घासायला? जसा माळ्यावरून निघाला तसाच न्यायचा होता. काळपट पितळेत तू दिसला नसतास. आता चार महिने हात लावू नको त्याला.

माई_धुळे

चार महिने कशाला, दमट हवेत ठेवा, पंधरा दिवसात रंग उतरतो. घासलेलं पितळ टिकवणंच अवघड, काळं पडायला काय लागतं.

सरळ_माणूस

बरं, मी माझे शब्द मागे घेतो. आमच्या घरी पण एक पातेलं आहे, आईच्या नावाचं. नाव गोदावरी. मी फक्त सांगतोय, मी कुठे जाणार नाहीये.

तिसरा_फलाट

जाशील भो जाशील. नाशिकपासून सुरुवात कर, पूर्णेजवळ कंठेश्वरला परभणीवाली पूर्णा तुझ्या पातेल्यात येऊन पडेल.

खारपाणी_अकोला

दादा, मंग आता श्रावणातच या. शेवटच्या सोमवारी अकोल्यात कावड असते, मोठी. आदल्या रात्री पोट्टे गांधीग्रामले पूर्णेवर जाते, पाणी भरते, न रातभर खांद्यावर वाहून सकाळी राजराजेश्वराले आणून घालते. एकेका मंडळाचे किती तरी भरणे असते, भरणे म्हंजे ते पाण्याचे हंडे-घागरी, पितळेचे न तांब्याचे, सजवलेले. हजारो भांडे न सगळ्यात एकच पाणी, पूर्णेचं. त्याच्यामंदी तुमचा एक तांब्या घुसवून देऊ, काढा फोटो.

तोपर्यंत काळा पडते बरोबर. फक्त एक सांगतो, गर्दीत हातातून सोडू नका, नाव पुर्णाबाई असलं तं तिथं प्रत्येकालेच तो आपला वाटीन.

हतनूर_बॅकवॉटर

येतो दादा. बायको पण येते म्हणतेय, तांब्या ती धरणार आहे. म्हैस आदल्या दिवशी सकाळी सातच्या आत दाखवता का?

खारपाणी_अकोला

सहाले या. सातले बसते ते.